पंख्याइतका आवाज

रेडिओवरून मला पुसून टाकण्यात आलं, तेही माझ्याच मदतीने.

असो, तसं काही झालेलं नाही. मी अजूनही रोज संध्याकाळी स्टुडिओत जातो, चपला दाराबाहेर काढतो, माइकसमोर बसतो आणि "राम राम बालाघाट, हौ, मीच आहो" असं म्हणून अर्धा तास बोलतो. कार्यक्रमाचं नाव ‘साडेपाचचा मोहित’. मोहित म्हणजे मी. सगळं एकदम ठीक चाललं आहे.

आमचं स्टेशन म्हणजे महागू मामाजींच्या खत-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली. नाव ‘रेडिओ कनकी’. कनकी म्हणजे तांदळाचा तुकडा. अख्ख्या तांदळाला परवानगी मिळाली नाही, असं मी उद्घाटनाच्या दिवशी म्हणालो होतो आणि कोणी हसलं नव्हतं. आमचा आवाज शहरभर जातो, नदीपलीकडे गर्र्यापर्यंत जातो, आणि सगळ्यांचं नशीब वाईट असेल त्या दिवशी भरवेलीपर्यंतही पोचतो.

मामाजींनी खोली भाडं न घेता दिली. एकच अट घातली. "भाच्याले अर्धा तास बोलू द्या. घरी लय बोलते थो."

अट ऐकून रेडिओ चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष मधुकर काकाजी यांनी डोळे मिटले होते. काकाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रविवारी रेडिओवर ‘मराठी संस्कार’ या विषयावर बोलतात. त्यांचा मुलगा अपूर्व माझा तिसरीपासूनचा दोस्त. जबलपूरहून इंजिनियर होऊन परत आला आणि रेडिओची सगळी यंत्रं त्याच्या हाती आली. माझ्या हाती माइक आला. आम्हा दोघांनाही वाटायचं, आपल्याला जास्त चांगलं मिळालं.

आमच्या रेडिओला एक आजार होता. खरखर. खाली मामाजींच्या दुकानात पोती शिवायचं मशीन, समोर राइस मिल, मागे डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि डोक्यावर पंखा. पंखा प्रत्येक फेरीला एकदा ‘टक’ करायचा. बंद केला तर खोलीत माणूस शिजायचा, म्हणून तो सुरूच. काकाजींचं संस्कारावरचं भाषण ऐकून एका श्रोत्याने फोन करून विचारलं होतं, हे महाराज कोणत्या मिलमध्ये राहतात, दर्शनाला यायचं आहे.

त्या फोननंतर अपूर्वने गाळणी बसवायची ठरवली. गाळणी म्हणजे कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम. आवाज ट्रान्समीटरकडे जाण्याआधी त्यातून जाणार आणि स्वच्छ होऊन बाहेर पडणार.

"याले कसं समजते का कचरा कोनता?" मी विचारलं.

"समजत नाही, शिकतं," अपूर्व म्हणाला. "सुपात पाखडतात ना, तसंच. दोन ढीग करायचे. एका ढिगात तांदूळ दाखवायचा, दुसऱ्यात कोंडा. भरपूर दाखवला की ते आपलं आपण पाखडायला लागतं."

कोंडा गोळा करायचं काम मी आनंदाने घेतलं. राइस मिलमध्ये जाऊन मोटारीचा आवाज भरून आणला. शिवण्याच्या मशीनचा आणला. पंख्याचा तिन्ही स्पीडवर घेतला, जरी त्याला स्पीड एकच आहे. डीपीच्या जाळीपाशी मोबाइल धरून उभा होतो तेव्हा लाइनमन आला.

"कोनाशी बोलून राह्यला?"

"डीपीशी."

"काय म्हनते?"

"तुमचीच तक्रार करून राह्यली."

तो गेला. जाताना डीपीकडे वळून पाहिलं त्याने.

सगळा कोंडा जमला तेव्हा अपूर्व म्हणाला, "आता तुझे जुने कार्यक्रम पण दे. सगळे."

"काहून?"

"मशीनला तुझा आवाज नीट ओळखता आला पाहिजे."

यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मला आजही मान्य करावं लागतं. प्राची, जी माझ्या आधी आणि नंतर फोनवर गाण्यांची फर्माइश घेते, तिचा त्याने एक तास घेतला. स्वतःच्या वडिलांची दोन भाषणं घेतली. माझं मात्र पहिल्या दिवसापासूनचं सगळं. मला गहिवरून आलं. घरी जाऊन सांगितलं, "माय, मशीन सगळ्यात जास्त मले ओळखते."

माय म्हणाली, "मंग. ओळखनच."

गाळणी बसली. स्टुडिओतले हेडफोन गाळणीच्या आधी जोडलेले होते, म्हणजे आत आम्हाला सगळं पहिल्यासारखंच ऐकू येणार आणि बाहेर मात्र स्वच्छ जाणार. अपूर्वने हे मला समजावून सांगितलं होतं. मी मान हलवली होती. तांत्रिक गोष्टींना मी नेहमीच मान हलवतो.

दुसऱ्याच दिवसापासून माझं कौतुक सुरू झालं. एका मास्तरांनी फोन करून सांगितलं, "हमारे बच्चे साढ़े पाँच बजे अपने आप पढ़ने बैठ जाते हैं." एका बाईने आशीर्वाद दिले, तिच्या सासऱ्यांचं डोकं दुखायचं थांबलं होतं. प्राची माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेरा वाला टाइम आजकल एकदम क्लीन जाता है." आणि ज्या काकाजींनी मला आयुष्यात ‘बस’ याच्यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "मोहित, तुझा अर्धा तास आता खरोखर श्रवणीय झाला आहे."

मी विनोद वाढवले. एवढी दाद मिळत असताना हात आखडता घेणं बरं नव्हतं.

घरी माय वाट पाहत असायची. "आज थ्या बैलाचं बोल्ला ना, जो साक्षगंधात नवरदेवाच्या जागी बसते. हासून हासून पोट दुखलं."

बैलाचं मी काही बोललो नव्हतो. पण ओघात माणूस काय काय बोलतो. दुसऱ्या दिवशी मी बैलाचं आठवून आठवून पुन्हा बोललो. चांगलं जमलं.

मग वारासिवनीला मावसभावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघाला. मी कार्यक्रम सकाळीच भरून ठेवला आणि पाचच्या सुमारास मोटारसायकलने निघालो. गर्र्याला पोचलो तेव्हा लक्षात आलं, दाढी राहिली. पाटीवर ‘राजेंद्र’ असं नाव असलेलं एक सलून उघडं होतं. बाकावर तिघं बसलेले, कोपऱ्यात रेडिओ. रेडिओवर आम्हीच.

राजेंद्रने माझ्या तोंडाला साबण लावला आणि तेवढ्यात प्राचीचा आवाज आला. "और अब, साढ़े पाँच का मोहित."

मी आरशातून बाकाकडे पाहिलं. आपला कार्यक्रम लोक कसा ऐकतात हे ओळख न देता बघायचं, यासारखं सुख नाही. राजेंद्रने वस्तरा खाली ठेवला. बाकावरच्यांनी बोलणं थांबवलं. एकाने पेपरची घडी घातली, तीसुद्धा आवाज न करता. इतका मान मला माझ्या वाढदिवसालाही मिळालेला नाही.

रेडिओतून काहीच आलं नाही.

"बंद पडला का?" मी विचारलं.

"हळू बोला भाऊ," राजेंद्र म्हणाला. "मोहितचा टाइम आहे."

"पन काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं."

"हौ. म्हनूनच त लावतो."

बाकावरचा पेपरवाला म्हणाला, "दुसऱ्या कोनत्याच स्टेशनवर अशी शांतता भेटत नाही. मंधातच जाहिरात टाकते."

"थो पोरगा अर्धा तास काहीच बोलत नाही?" मी म्हणालो.

"पोरगा?" दुसरा हसला. "इतकी साधना पोराच्यानं होते का? म्हातारा मानूस असन. माह्या साळ्यानं पाह्यलं त्याले. दाढी आहे म्हने इथपर्यंत."

मी आरशात पाहिलं. साबणाची दाढी होती, इथपर्यंत.

त्या मिनिटाला मी रेडिओवर काय बोलत होतो हे मला पाठ होतं. मलाजखंडच्या खाणीत एका साहेबाचं हेल्मेट पडतं आणि ते आणायला सरकार समिती नेमते, तो किस्सा सुरू होता. समिती खाणीत उतरते तिथे लोक हसायला हवे होते. तिथे राजेंद्रने डोळे मिटले.

मग मला ऐकू आलं. अगदी बारीक. टक. थोडा वेळ काही नाही. परत टक.

आमचा पंखा होता तो. माझा शब्द नाही, श्वास नाही, ‘राम राम बालाघाट’ नाही. पंखा मात्र गर्र्यापर्यंत आला होता.

"ऐकलं का?" राजेंद्र कुजबुजला. "माळ ओढते थो."

अर्धा तास मी तोंडावर वाळणारा साबण घेऊन माझा कार्यक्रम ऐकला. सहा वाजता प्राची परत आली तेव्हा राजेंद्रने वस्तरा उचलला आणि म्हणाला, "हं, आता बोला."

साक्षगंधात कोणी तरी विचारलं, आज तुझा प्रोग्राम नाही का. मी म्हणालो, झाला ना, मस्त झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत गेलो. अपूर्व कॉम्प्युटरसमोर होता. रात्रभर मी एकच प्रश्न घोटून ठेवला होता. असा प्रश्न, की त्याने फक्त ‘हौ’ म्हणावं आणि आपण खाली जाऊन चहा प्यावा.

"अपूर्व, मी रेडिओवर येत नाही. चुकून झालं का बे?"

त्याने हेडफोन काढून गळ्यात घातले. मग इंजिनियर जागा झाला.

"पंखा येतो का?"

"येते."

"टक पण?"

"टक पन."

तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "त्याचं काहीतरी करावं लागेल."

मी प्रश्न परत विचारला नाही. उत्तर मिळालं होतं.

"हे बघ," तो म्हणाला, "बाबा म्हणत होते मोहितला थांबवा. आपण इथे हिंदीच्या मुलखात मूठभर मराठी माणसं. उद्या भोपाळचे लोक इथे आले, त्यांनी रेडिओ लावला आणि त्यांना मले-तुले ऐकू आलं, तर ते काय समजतील, हे त्यांचं म्हणणं. आणि तू तो अँटेनावरच्या कावळ्यांचा जोक केलास."

केला होता. काकाजींचं भाषण सुरू झालं की अँटेनावरचे कावळे गावी जातात, एवढंच म्हणालो होतो. ते खरंही होतं.

"मग मी बाबांना म्हटलं, थांबवला तर मामाजी खोली काढून घेतील. शिवाय मोहितला वाईट वाटेल. म्हणून हा मधला मार्ग काढला. तू बोलत राहशील, खोली राहील, बाबांना त्रास नाही. तूच सांग, इतके दिवस तुला काही त्रास झाला?"

मला खरं बोलावं लागलं. त्रास झाला नव्हता. इतका सुखी मी कधीच नव्हतो.

"तू मले कोंड्यात टाकलं," मी म्हणालो.

"ढीग दोनच होते रे."

तिसरीत या माणसाला मी पाढे सांगायचो. नऊचा पाढा तो माझ्याकडे बघून म्हणायचा, अजूनही म्हणत असेल. मी शेल्फकडे पाहिलं. तिथे एक नवीन स्मृतिचिन्ह होतं, भोपाळचं. गाळणी तिथे दाखवली होती त्याने. आधी एक मिनिट ‘अत्यंत हट्टी प्रकारचा गोंगाट’ ऐकवला, मग गाळणी लावली, एकदम शांतता, आणि टाळ्या. गोंगाट कोणाचा होता हे मी विचारलं नाही. डीपी इतकी हट्टी नाही.

"गाळलेलं सगळं मी फेकत नाही," अपूर्व म्हणाला, बहुतेक माझं मन राखायला. "तपासायला ठेवतो. ऐक."

त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. आणि त्यात मी होतो. मिल नाही, मशीन नाही, पंखा नाही. मी माझा आवाज इतका साफ कधीच ऐकला नव्हता. हेल्मेटचा किस्सा, बैलाचा किस्सा, मध्ये घोट घेतलेलं पाणीसुद्धा. अपूर्व मागे उभा राहून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"बघ," तो म्हणाला, "किती स्वच्छ सुटला आहेस."

मग हेडफोनमध्ये दुसरा आवाज आला. बाईचा. "हॅलो, माह्या पोराचा आवाज आज आला नाही जी. मोहितचा. थो बोल्ला असन, पन आवाज आला नाही. कोनी पाहा जी जरा."

मी हेडफोन काढले.

"काकू एकदा सहानंतरच्या फर्माइशीत फोनवर आल्या होत्या," अपूर्व म्हणाला. "आवाजाची चाल तुझ्यासारखीच आहे ना, मशीनने उचलला. तो मुद्दाम नाही हं."

प्राचीला त्या दिवशी हेडफोनमध्ये सगळं ऐकू आलं असणार, हे जिना उतरताना माझ्या लक्षात आलं. तिचे हेडफोनही गाळणीच्या आधीच होते.

खाली मामाजी होते. मी त्यांना सगळं सांगितलं. खोली त्यांची होती, अट त्यांची होती. एक शब्द बोलले असते तर संध्याकाळपर्यंत अँटेना रस्त्यावर आली असती. मामाजींनी नीट ऐकून घेतलं. मग गल्ल्यामागच्या खाटेकडे बघत म्हणाले, "भाच्या, खरं सांगू का. तुह्या टाइमात मले झोप लय चांगली लागते."

काकाजी दुकानाच्या दारातच भेटले. त्यांना बहुतेक वरून फोन आला होता. "तुला कोणी काढलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही जी, काकाजी."

"तुझ्या नावाची घोषणा होते की नाही?"

"होते."

"मग तक्रार नेमकी कशाची आहे?"

मी दारातून बाजूला होऊन त्यांना वाट दिली. नेमकं बोलणं हा त्यांचा प्रांत आहे.

घरी माय दारात बसून रेडिओच्या सेलला ऊन दाखवत होती. मी बाजूला बसलो.

"माय, बैलाचं तू कुठून आनलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सेल उलटा करून ठेवला. "पहिल्याच दिवशी समजलं मले. फोन लावला. थे पोरगी म्हने, आंटी, ठीक से सुनाई नहीं दे रहा. आन् कट केला."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगनार व्हती. दुसऱ्या दिवशी तू आला, आन् म्हनाला, माय, आज मास्तराचा फोन आलता. इतका खुश." तिने दुसरा सेल उन्हात सरकवला. "मंग मी म्हटलं, पोरगं बोल्लं त असनच काहीतरी. आपनच बनवू."

"रोज?"

"रोज काही जमे नाही. कधी कधी मामाजीले विचारो, काय बोल्ला असन. थे म्हने, मी झोपलो व्हतो."

म्हणजे जो कार्यक्रम मला आवडत होता, तोही माझा नव्हता. मायेने घरात बसून केलेला, एका माणसासाठी. तिच्यावर रागवायचं मी ठरवून पाहिलं, पण ती सगळ्यांच्या रांगेत मावेना. राग मात्र आला. सगळ्यांपेक्षा जास्त तिचाच आला, कारण बाकीच्यांनी निदान खोटं हसून दाखवलं नव्हतं.

"आज जाशीन का?" तिने विचारलं.

"जातो. खोली आपली आहे."

गेलो. चपला काढल्या, माइकसमोर बसलो. प्राचीने माझं नाव सांगितलं आणि उठून गेली, बघितलं नाही. डोक्यावर पंखा फिरत होता. गर्र्याला राजेंद्रने वस्तरा खाली ठेवला असेल, खाली मामाजी आडवे झाले असतील, कुठे तरी मास्तरांची मुलं पुस्तकं काढून बसली असतील. हेडफोनमध्ये माझा आवाज मला चांगला येत होता. "राम राम बालाघाट," मी म्हणालो. "हौ, मीच आहो." मग किस्से बाजूला ठेवले आणि जे तयार करून आणलं होतं ते सावकाश वाचलं. तेव्हापासून रोज तेच वाचतो.

प्रति, माननीय अध्यक्ष महोदय, ध्वनिशुद्धी समिती, रेडिओ कनकी, बालाघाट. विषय : अर्जदारास छताच्या पंख्याच्या बरोबरीचा दर्जा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व छताचा पंखा हे दोघेही सदर खोलीत एकाच वेळी कार्यरत असून दोघांनाही गोंगाट म्हणून विधिवत मान्यता मिळालेली आहे. तथापि पंख्याचा आवाज आजही नदीपलीकडे अल्प प्रमाणात ऐकू येतो व जनतेत त्यास आदराचे स्थान आहे. अर्जदाराचा तेवढाही येत नाही. अर्जदार तांदळाच्या ढिगात परत घेतले जाण्याची मागणी करीत नाही. सबब, अर्जदारास प्रत्येक फेरीस एकदा, एका ‘टक’इतके, ऐकू येऊ देण्यात यावे, आणि ते समितीच्या अधिकारात बसत नसल्यास, अर्जदाराच्या आईस तिचा फोन लागला होता, एवढे तरी याच लहरीवरून कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.